जातिवंत ससा: 'शुद्ध रक्ता'च्या कल्पनेचा एक छोटा इतिहास

१/
मराठीत 'जात' हा शब्द फार व्यापक आहे. आंब्याला जात असते, गाईला असते आणि माणसालाही असते. एखाद्याला 'जातिवंत' म्हटले की तो गौरव ठरतो. 'संकर' या शब्दाचे नशीब मात्र दुहेरी. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन वर्णसंकराच्या कल्पनेने हादरतो, आणि आपला शेतकरी संकरित ज्वारीचे बियाणे मुद्दाम मागून घेतो. शब्द एकच, पण एकीकडे भय आणि दुसरीकडे भरघोस पिकाची आशा.

२/
हाच पेच आज एका अगदी निरुपद्रवी प्राण्याभोवती उभा आहे: पाळीव ससा. वंशावळीची कागदपत्रे असलेला शुद्ध जातीचा ससा पैदा करणे योग्य, की मिश्र जातीचा? प्रश्न हौशी माणसांचा वाटतो. परंतु गेल्या पावणेदोनशे वर्षांत सशांच्या संकरावरून जे वाद झाले, त्यांतून मानववंशाविषयीच्या वादांना दारूगोळा मिळाला. या धाग्यात तो इतिहास क्रमाने पाहू.

३/
आधी एक खुलासा. मराठीत 'ससा' म्हणजे दोन वेगळे प्राणी. आपल्या माळरानांवर उड्या मारणारा रानससा हा 'लेपस' कुळीचा. तो बिळे खणत नाही आणि त्याची पिल्ले जन्मतःच डोळे उघडी व केसाळ असतात. घरात पाळला जातो तो युरोपीय ससा, शास्त्रीय नाव 'ओरिक्टोलॅगस क्युनिक्युलस'. तो बिळात राहतो, आणि त्याची पिल्ले आंधळी व उघडीवाघडी जन्मतात. हा फरक लक्षात ठेवा. पुढे तो फार महत्त्वाचा ठरणार आहे.

४/
युरोपीय सशाचे मूळ घर स्पेन-पोर्तुगालचा इबेरियन द्वीपकल्प. रोमन लोक त्याला कुंपणात राखत, इ. स. पूर्व पहिल्या शतकातील व्हॅरोच्या शेतीविषयक ग्रंथात अशा राखणीचे वर्णन आहे. 'इ. स. ६०० च्या सुमारास पोप ग्रेगरीने सशाची कोवळी पिल्ले उपवासाला चालतात असे फर्मान काढले आणि त्यातून ससा माणसाळला' ही कथा अनेक पुस्तकांत सापडते. २०१८ साली संशोधकांनी तिचे मूळ शोधले. असे फर्मानच नव्हते. तूर येथील ग्रेगरी या वेगळ्याच धर्मगुरूने एका सरदाराने उपवासकाळात पिल्ले खाल्ल्याचे लिहिले होते. पुढच्या लेखकांनी दोन ग्रेगरींची गल्लत केली.

५/
म्हणजे माणसाळलेल्या सशाला एक आद्य पुरुष नाही, एक जन्मतिथीही नाही. शतकानुशतके तो मांस आणि कातडीसाठी राखला गेला. त्या काळात 'वंशावळ' विचारण्याचे कारणच नव्हते. वंशावळीची नोंद हे इंग्लंडच्या जमीनदारांचे वेड: शर्यतीच्या घोड्यांची नोंदवही १७९१ मध्ये आली, शॉर्टहॉर्न गाईगुरांची १८२२ मध्ये. ज्या समाजात सरदारांची प्रतिष्ठा कुळावर ठरत होती, त्याच समाजाने आपल्या जनावरांनाही कुळे बहाल केली.

६/
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे वेड लंडनच्या सामान्य वस्त्यांतील हौशी लोकांपर्यंत पोहोचले. घोडा परवडत नसे, ससा परवडे. लोंबत्या कानांच्या सशांची प्रदर्शने भरू लागली आणि कानांची लांबी पट्टीने मोजली जाऊ लागली. चार्ल्स डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात या सशांवर मोठे प्रकरण लिहिले. रानटी सशाच्या दोन्ही कानांची टोकापासून टोकापर्यंतची लांबी त्याने आठ इंचांहून कमी मोजली. प्रदर्शनातल्या एका सशाची ती २२ इंच होती.

७/
डार्विन कानांपाशी थांबला नाही. त्याने सशांचे सांगाडे साफ करून कवट्या मोजल्या. एकच कान लोंबणाऱ्या सशांत त्याला दिसले की त्या बाजूचे श्रवणछिद्र वेगळे झाले आहे आणि कवटीची दोन अंगे एकमेकांशी जुळत नाहीत. केवळ शोभेसाठी केलेली निवड हाडांपर्यंत उतरली होती. कान हा अवयव एकटा लांबत नाही, तो स्वतःबरोबर डोके ओढून नेतो. हे निरीक्षण दीडशे वर्षांनी पुन्हा चर्चेत येणार होते.

८/
आता फ्रान्सकडे वळू. १८५० च्या दशकात अंगुलेम येथील रू नावाच्या गृहस्थांनी दावा केला की त्यांनी रानससा आणि पाळीव ससा यांचा संकर साधला असून ती संतती पिढ्यान्‌पिढ्या प्रजननक्षम आहे. या प्राण्याला 'लेपोरिड' असे नाव मिळाले. खेचर वांझ असते हे सर्वांना ठाऊक होते. दोन भिन्न प्रजातींची संतती वांझ नसेल, तर 'प्रजाती' या कल्पनेचाच पाया हलत होता.

९/
हा दावा उचलून धरला पॅरिसचा शल्यवैद्य पॉल ब्रोका याने. मेंदूतील वाचाकेंद्राला ज्याचे नाव आहे तोच हा. त्या काळचा तप्त वाद असा: सर्व मानव एकाच प्रजातीचे, की वेगवेगळे वंश म्हणजे वेगवेगळ्या प्रजाती? 'सर्व वंशांच्या मिश्र विवाहांतून संतती होते, म्हणून मानव एक' हा एकतावाद्यांचा मुख्य आधार. ब्रोकाने सशांकडे बोट दाखवले. भिन्न प्रजातींनाही प्रजननक्षम संतती होत असेल, तर तो आधार निकामी ठरत होता.

१०/
पॅरिसच्या जीवशास्त्र मंडळात १८५८ मध्ये ब्रोकाने हा विषय मांडायला घेतला, तेव्हा अध्यक्षांना त्याचे पडसाद अडचणीचे वाटले आणि वाचन पुढे चालू शकले नाही. १८५९ मध्ये ब्रोकाने पॅरिसची मानवशास्त्र संस्था स्थापन केली. युरोपातील या शाखेच्या पहिल्या महत्त्वाच्या संस्थांपैकी ती एक. एका संपूर्ण विद्याशाखेच्या संस्थात्मक जन्मामागे सशाच्या संकराचा वाद होता, हे आज सांगूनही खरे वाटत नाही.

११/
आणि लेपोरिडचे काय झाले? रानसशाच्या पेशीत ४८ गुणसूत्रे असतात, पाळीव सशाच्या ४४. त्यांच्या संकरातून जगणारी संतती झाल्याचे विश्वसनीय उदाहरण नाही. अंगुलेमचे ते प्राणी बहुधा साधे पाळीव ससेच होते. तरी नाव मागे राहिले: सडपातळ, लांब पायांच्या एका पाळीव जातीला आजही 'बेल्जियन हेअर', म्हणजे बेल्जियमचा रानससा, म्हणतात. त्याच्या अंगात रानसशाचा अंशही नाही.

१२/
याच काळात इंग्लंडमध्ये उलटी गंमत घडली. पांढरे शरीर आणि काळे नाक, कान, पाय असलेल्या सशांचे १८५७ मध्ये एका प्राणितज्ज्ञाने 'लेपस नायग्रिपेस' या नावाने स्वतंत्र प्रजाती म्हणून वर्णन केले. लोक त्याला 'हिमालयन' म्हणत. हिमालयाशी त्याचा संबंध नव्हता. पुढे उघड झाले की रुपेरी-करड्या सशांच्या संकरातून अशी पिल्ले अचानक जन्मतात, आणि त्यांची संतती पुढे तशीच निपजते. डार्विनने ही हकीगत नोंदवून ठेवली. जिला स्वतंत्र प्रजातीचा मान मिळाला, ती निघाली संकरातून वर आलेली एक जात.

१३/
हिमालयन सशाचे आणखी एक कोडे आहे. त्याचा काळा रंग तापमानावर ठरतो. रंगद्रव्य घडवणारे त्याचे विकर केवळ थंड त्वचेत काम करते. नाक, कान आणि पाय हे शरीराचे थंड भाग, म्हणून ते काळे. पाठीवरचे केस काढून तो भाग थंड ठेवला, तर तिथेही काळे केस उगवतात. 'रक्तात असते ते अटळ' या समजुतीला याहून सौम्य उत्तर सापडणे कठीण.

१४/
'रक्त' हा शब्द तेव्हा केवळ अलंकार नव्हता. आनुवंशिकतेचे कण शरीरभर फिरून जननेंद्रियांत गोळा होतात, असे गृहीतक डार्विनने मांडले होते. त्याचा आतेभाऊ-मामेभावाच्या नात्यातला फ्रान्सिस गाल्टन याने त्याची परीक्षा घ्यायचे ठरवले. रुपेरी-करडे ससे पिढ्यान्‌पिढ्या तसेच निपजतात. त्यांच्या शरीरात त्याने दुसऱ्या जातींच्या सशांचे रक्त घातले. काहींच्या मानेतील रोहिण्या एकमेकींना जोडल्या. मग त्यांच्या संततीची वाट पाहिली.

१५/
पिल्ले जन्मली ती रुपेरी-करडीच. परके रक्त वाहूनही 'भेसळ' झाली नाही. गाल्टनने १८७१ मध्ये हा निष्कर्ष रॉयल सोसायटीपुढे ठेवला. डार्विनने 'नेचर'मध्ये उत्तर दिले की आपण रक्ताचा उल्लेख केलाच नव्हता. तात्पर्य मात्र स्पष्ट होते: आनुवंशिकता रक्तात नसते. तरीही याच गाल्टनने १८८३ मध्ये मानवी वंशसुधारणेसाठी 'युजेनिक्स' हा शब्द घडवला. सशांनी 'रक्ताची शुद्धता' खोटी पाडली, तरी ती कल्पना मेली नाही. तिने केवळ नवे वस्त्र घेतले.

१६/
विसाव्या शतकात ते वस्त्र पुन्हा सशांपाशीच उसवले. अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञ विल्यम कॅसल हा युजेनिक्सच्या ऐन भरातला माणूस. १९१६ च्या त्याच्या पाठ्यपुस्तकाच्या नावातही तो शब्द होता. १९२९ मध्ये जमैकातील मिश्र वंशाच्या लोकांवर एक ग्रंथ आला. भिन्न वंशांच्या संकरातून बेमेल अवयवांची माणसे निपजतात, असा त्याचा सूर. कॅसलने १९३० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्याचा प्रतिवाद केला. त्याच्या हाताशी स्वतःचे प्रयोग होते: अतिशय मोठ्या आणि अतिशय लहान सशांच्या संकरातून मधल्या आकाराचे, प्रमाणबद्ध आणि सुदृढ ससे निपजले होते. कुणाचे पाय एका कुळाचे आणि धड दुसऱ्या कुळाचे झाले नव्हते.

१७/
या वादाचा सूर आपल्याकडेही पोहोचला होता. वंशशुद्धी आणि युजेनिक्स यांच्या आधारे जातिव्यवस्थेचे समर्थन करणाऱ्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या भाषणग्रंथात खोडून काढले. शुद्ध वंश कुठेच उरलेला नाही, आणि जातीमुळे लोकांची शरीरप्रकृती सुधारल्याचेही दिसत नाही, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. जनावरांच्या पैदाशीची भाषा माणसांना लावली की काय होते, हे त्या दशकाने पुढे युरोपातही दाखवले.

१८/
येथून सशाकडेच परत येऊ. कारण माणसांविषयीचा निष्कर्ष जसाच्या तसा सशांना लावणे हीदेखील चूकच. माणसाची 'शुद्ध जात' ही कल्पित गोष्ट. सशाची जात मात्र माणसाने निवडीने खरोखर घडवलेली आहे. प्रश्न उरतो तो असा: ती घडवताना, आणि टिकवताना, किंमत कोण मोजतो?

१९/
१९१९ मध्ये फ्रान्सच्या कुलोंजे गावात एका शेतकऱ्याच्या सशांत मखमली, आखूड केसांची पिल्ले जन्मली. गावच्या पाद्र्याने, आबे जिले याने, ती वाढवली आणि त्यातून 'रेक्स' जात झाली. मोजक्या जनावरांच्या निकट प्रजननामुळे सुरुवातीचे रेक्स दुबळे आणि वाकड्या पायांचे निपजत. जात सावरली ती इतर जातींशी केलेल्या संकरामुळे. आजचा सुदृढ 'शुद्ध' रेक्स अशा रीतीने संकराचा ऋणी आहे.

२०/
आजचा सर्वांत लोकप्रिय छोटा ससा 'नेदरलँड ड्वार्फ'. हॉलंडमध्ये लहान पांढरे ससे आणि छोटे रानटी युरोपीय ससे यांच्या संकरातून तो घडला. १९४० मध्ये त्याला मान्यता मिळाली आणि लगेच महायुद्धाने त्याची संख्या मोजक्यांवर आणली. त्याचे बुटकेपण एका जनुकातील बिघाडातून येते. २०१७ मध्ये तो बिघाड नेमका सापडला: 'एचएमजीए२' जनुकाच्या जागी सुमारे १२,१०० अक्षरांचा तुकडा गळालेला. त्याची एक प्रत असेल तर ससा गोंडस आणि बुटका. दोन प्रती असतील तर पिल्लू अतिशय लहान जन्मते आणि बहुधा काही दिवसांतच मरते. पैदासकार अशा पिल्लांना 'शेंगदाणे' म्हणतात.

२१/
येथे साधा हिशेब करू. दोन बुटक्यांच्या जोडीपासून सरासरी १०० पिल्ले धरली, तर २५ मरणारी, ५० बुटकी, २५ सर्वसाधारण. बुटका आणि त्याच जातीचा सर्वसाधारण आकाराचा जोडीदार घेतला, तर ५० बुटकी, ५० सर्वसाधारण, आणि या कारणाने मरणारे एकही नाही. बुटकी पिल्ले दोन्हीकडे ५०च! फरक इतकाच की दुसऱ्या रीतीत प्रदर्शनाला न चालणारी, पण निरोगी अशी पन्नास पिल्ले सांभाळावी लागतात. पंचवीस मरणे ही त्या गैरसोयीची किंमत आहे.

२२/
ठिपकेदार सशांची कथा हीच. ठिपक्यांच्या जनुकाची एक प्रत असेल तर प्रदर्शनात शोभणारे ठिपके येतात. दोन प्रती असतील तर रंग फार तुरळक उरतो. नाकाखालचा डाग चार्ली चॅप्लिनच्या मिशीसारखा दिसतो, म्हणून त्याला 'चार्ली' म्हणतात. अशा अनेक सशांचे मोठे आतडे फुगून निकामी होत जाते. ठिपकेदार आणि एकरंगी अशी जोडी लावली तर चार्ली जन्मत नाही. मोह असा की चार्ली आणि एकरंगी यांची सर्वच पिल्ले ठिपकेदार होतात. म्हणून कुणी चार्ली मुद्दाम राखतो.

२३/
आता या दोन उदाहरणांतील विसंगती पाहा. नियमपुस्तकातला आदर्श बुटका आणि आदर्श ठिपकेदार ससा, दोघेही त्या जनुकापुरते मिश्रच असतात. त्यांची जोडी लावली तर संतती कधीच सारखी निपजत नाही. तीन पिढ्यांची वंशावळ हातात असली, तरी ज्या गुणासाठी त्यांना 'शुद्ध' म्हणतात, तो गुणच मिश्रणातून येतो. शुद्धता कागदावर असते. पिंजऱ्यात असतो तो संकर.

२४/
मग संकर म्हणजे आरोग्याची हमी का? तसेही नाही. लोंबत्या कानांचा ससा आणि चपट्या तोंडाचा ससा यांच्या मिश्र पिल्लात दोन्ही दोष एकत्र येऊ शकतात, आणि आईबापांची नोंद नसेल तर काय येणार याचा अंदाजही बांधता येत नाही. पिंजऱ्यात नर-मादी एकत्र सोडून झालेली पैदास म्हणजे विचारपूर्वक केलेला संकर नव्हे. सशाची गर्भावस्था जेमतेम महिनाभराची, आणि व्याल्यानंतर मादी लगेच पुन्हा गाभण राहू शकते. बेवारस सशांची गर्दी अशाच निष्काळजीपणातून होते.

२५/
पुराव्यांबाबतही सावधपणा हवा. लंडनच्या रॉयल व्हेटरिनरी कॉलेजच्या २०१९ च्या अभ्यासात निवारागृहातील ३० ससे तपासले गेले. लोंबत्या कानांच्या सशांत कान अरुंद असणे, मळ साचणे आणि दातांचे दोष अधिक आढळले. डार्विनच्या कवट्या आठवा. पुढे २०२४ मध्ये दीड लाखाहून अधिक सशांच्या वैद्यकीय नोंदींचा अभ्यास आला. त्यात दातांचा आजार लोंबत्या कानांच्या किंवा चपट्या तोंडाच्या सशांत विशेष जास्त दिसला नाही. म्हणजे कानांविषयीची चिंता कायम, दातांविषयीची अनिर्णित. इतिहासाप्रमाणे शास्त्रातही पहिला साक्षीदार शेवटचा नसतो.

२६/
कायद्याने या प्रश्नाकडे पाहण्याची एक समंजस दिशा जर्मनीत दिसते. तेथील प्राणिसंरक्षण कायद्यात १९८६ पासून एक कलम आहे: ज्या पैदाशीतून संततीला आनुवंशिक दोषांमुळे वेदना किंवा यातना होणार हे आधीच कळण्याजोगे आहे, ती पैदास निषिद्ध. या कलमाचा भर 'शुद्ध' किंवा 'संकरित' या शब्दांवर नाही. तो विचारतो ते एवढेच: तुला ठाऊक होते का?

२७/
पावणेदोनशे वर्षांच्या या वादात वंशावळीचा खरा उपयोग बाजूला पडला. वंशावळ म्हणजे मुळात स्मरण. कोणत्या जोडीपासून किती पिल्ले जगली, कुणाचे दात वाढले, कुणाचे आतडे बिघडले, हे तिच्यात लिहिले तर ती सशाच्या उपयोगाची. केवळ रंग, वजन आणि पदके लिहिली तर ती मालकाच्या मिरवणुकीची. संकरालाही हीच कसोटी लागू: तो जाणून केला की अनवधानाने झाला, आणि जन्मलेल्या प्रत्येक पिल्लाची जबाबदारी कुणी घेतली?

२८/
ब्रोकाने सशाला माणसांतील भेद सिद्ध करण्यासाठी साक्षीला उभे केले. गाल्टनने त्याच्या रोहिण्या उघडल्या. कॅसलने त्याच्याच आधारे भेदांच्या भीतीला उत्तर दिले. प्रत्येकाला सशाकडून माणसाविषयी काही तरी वदवून घ्यायचे होते. सशाविषयी विचारणारे थोडे. पुढच्या वेळी कुणी 'अगदी जातिवंत आहे हो' असे सांगत तळहातावर मावणारे पिल्लू दाखवील, तेव्हा त्याच्या कुळाआधी एक प्रश्न विचारा: याची भावंडे किती जन्मली, आणि त्यांतली किती जगली?

धागा समाप्त.